‘नाइस’चा तिसरा साक्षीदार

सर,

तुमच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं एक नाव मी आज खोडणार आहे. छापखाना दहा वाजता उघडतो. काकूंनी नको म्हणून बजावलंय, छापखान्याचे मालक म्हणतात की गेलेल्या माणसाच्या हातचं बदलू नये, आणि तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे असं बघितलं असतंत की मी गुपचूप खाली बसले असते. पण तुम्ही नाही आहात. सोळा दिवस झाले. तेव्हा या खेपेला माझंच चालणार.

रागावू नका असं मी म्हणणार नाही. खुशाल रागवा. फक्त आधी सगळं ऐकून घ्या, कारण यातलं निम्मं तुम्हाला ठाऊकच नाही, आणि ते ठाऊक नव्हतं याला जबाबदार मी आहे.

तुमची माझी सुरुवातच भांडणानं झाली होती. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि तुम्ही ‘माझे वडील’ या विषयावर इंग्रजीत निबंध लिहायला दिला होता. मी लिहिलं, ‘माय फादर इज अ नाइस मॅन.’ वही परत आली तेव्हा ‘नाइस’भोवती लाल शाईचं वर्तुळ होतं आणि समासात तुमच्या त्या मुंग्यांसारख्या अक्षरात एवढंच लिहिलेलं: ‘कोणत्या शतकातले?’ माझं डोकं सणकलं. मी महू छावणीतल्या शिपायांच्या लाइनीत वाढलेली, बाबा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आमचं घर नुकतंच बौद्ध झालेलं, आणि इंदूरच्या दरबारी घराण्यातला एक मास्तर माझ्या बापाला शतक विचारतो? तास बुडवून मी सरळ स्टाफरूममध्ये शिरले.

“माझ्या वडिलांना काय म्हणायचंय तुम्हाला?”

तुम्ही शांतपणे खुर्ची पुढे सरकवलीत. “बसा. तुमचे वडील अडाणी आहेत का?”

“नाहीत.”

“मूर्ख?”

मी उठले.

“अहो, बसा तर. खाण्यापिण्यात नखरे फार?”

“समोर येईल ते खातात.”

“काटेकोर आहेत?”

“पलटणीतला माणूस. असणारच.”

“मग एका शतकापुरतं तुमचं बरोबर आहे,” तुम्ही म्हणालात आणि इतके मनापासून हसलात की शेजारच्या संस्कृतच्या सरांनी पेपरातून डोकं वर काढलं.

मग त्या स्टाफरूममध्ये तुम्ही मला त्या शब्दाची सगळी जन्मकथा ऐकवलीत. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता ‘काही न जाणणारा’. फ्रेंचांकडे आला तोवर त्याचा भोळसट, मूर्ख झालेला. इंग्रजांच्या घरात तो चक्क शिवी म्हणून शिरला. तिथे तो काही काळ उनाड होता, मग नखरेल झाला, मग नाकं मुरडणारा, मग चोखंदळ. चोखंदळ माणसाला बारीकसारीक फरक दिसतात, म्हणून पुढे तो सूक्ष्म, काटेकोर झाला. आणि अगदी अलीकडे, म्हणजे तुमच्या हिशेबानं दोनशे वर्षांत, तो ‘छान’ होऊन बसला. मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. तुम्ही म्हणालात, “यात इंग्रजांचं काही खास नाही. आपल्याकडे मूढ आणि मुग्ध एकाच धातूचे. दोघांचंही डोकं गोंधळलेलं. एक राहिला मूर्खच, आणि दुसऱ्याचं नाव लोक हौसेनं मुलीला ठेवतात.”

त्या शनिवारी घरी जाऊन मी हे बाबांना सांगितलं. ते खाटेवर बसून बुटांना पॉलिश करत होते, निवृत्त झाले तरी ते काही सुटलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अडाणीपासून छानपर्यंत यायला किती वर्षं लागली म्हणे?”

“चार-पाचशे.”

“मग आपलं बरंच लवकर चाललंय म्हणायचं,” बाबा म्हणाले आणि ब्रश पुन्हा चालवायला लागले.

हे मी तुम्हाला सोमवारी सांगितलं तेव्हा तुम्ही लगेच खिशातून चिठ्ठी काढून लिहून घेतलंत. तेव्हा कळलं की तुम्ही या एका शब्दावर अख्खं पुस्तक लिहिताय, मराठीत, आणि गेली सात वर्षं लिहिताय. नवं राज्य झाल्यापासून कॉलेजातले सगळे तुम्हाला सांगत होते की हिंदीत लिहा, छापणारे मिळतील, वाचणारेही मिळतील. तुम्ही म्हणायचात, “भई, मला माझी चूक ज्या भाषेत ऐकू येते त्याच भाषेत मी लिहिणार.” मला हे तेव्हा हट्टीपणाचं वाटायचं. आता माझी चूक लिहायला बसले तर मीसुद्धा मराठीतच लिहितेय.

बडा गणपतीजवळच्या तुमच्या घरी मी पहिल्यांदा आले ती त्या चिठ्ठ्या लावायला. पत्र्याचे बिस्किटांचे डबे, प्रत्येक डबा एका अर्थाचा. त्या दिवशी काकूंनी तुमच्याच तांब्यातलं पाणी मला पुढे केलं. माझ्या मनात जे आलं ते आलं. मी घटाघट प्यायले, आणि काकू म्हणाल्या, “अजून देऊ का? ऊन लागून राहिलं असेल तुला.” तेवढंच. त्या घराशी माझं नातं त्या तांब्याभर पाण्यानं पक्कं झालं, आणि म्हणूनच हे सगळं आज इतकं जड जातंय.

तुमचा नियम तुम्ही मला तेव्हाच समजावलात. तुमच्या घराण्यात म्हणे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की दरबारच्या कागदावर तीन साक्षीदारांशिवाय शिक्का बसत नसे. तुमच्या पुस्तकातही तीन साक्षींशिवाय कुठलाच अर्थ जाणार नव्हता. अर्थ मेलेला असेल तर जुन्या पुस्तकांतल्या तीन साक्षी. जिवंत असेल तर तिघांपैकी एक साक्षीदार मालव्यातला हवाच, आणि त्यानं चिठ्ठीवर सही केलेली हवी. मी विचारलं, “इंग्रजी शब्दाला मालव्यातला साक्षीदार कशाला?” तुम्ही म्हणालात, “इंग्रजी लंडनहून आली असेल. माझ्या कानात ती छावणीतून आली.”

आणि सह्या तरी कोणाकोणाच्या! राजवाड्यासमोरच्या चष्मेवाल्याची: ‘साब, फ्रेम एकदम नाइस है.’ त्या बिचाऱ्याला वाटलं होतं तुम्ही तक्रार लिहून घेताय. म्हाताऱ्या वकीलसाहेबांची, ज्यांनी कोर्टात ‘दॅट्स अ नाइस पॉइंट’ म्हटलं होतं आणि ज्यांना तुम्ही त्यांच्या जेवणातून उठवून सही करायला लावलंत. काटेकोर या अर्थाला त्यांनी वाचवलं असं तुम्ही म्हणायचात. जणू काही तो बुडतच होता.

अडून बसला तो एकच डबा. चोखंदळ. खाण्यापिण्यात नाक मुरडणारा. पुस्तकांतल्या दोन साक्षी तुमच्याकडे कधीच्या तयार होत्या, तिसरीही सहज मिळाली असती. पण तुम्ही तो अर्थ मेलेला मानायलाच तयार नव्हतात. का, ते तुम्ही एकदाच सांगितलंत, तेही माझ्याकडे न बघता. तुम्ही सात वर्षांचे असताना महूला मामाकडे होतात. मामा छावणीच्या इस्पितळात कारकून. तुम्हाला विषमज्वर झाला आणि तिथल्याच एका गोऱ्या नर्सनं तुम्हाला सांभाळलं. दुधावर साय असली की तुम्ही तोंड फिरवायचात. ती चमच्यानं साय काढायची आणि दुसऱ्या नर्सला हसून सांगायची, ‘ही इज सो नाइस अबाउट हिज मिल्क.’ तापातून उठल्यावर तुम्हाला इंग्रजीचं हे पहिलं वाक्य येत होतं. पन्नासएक वर्षांनंतर तुम्हाला खात्री हवी होती की ते खरंच कोणी म्हणालं होतं, तापात भास झाला नव्हता.

“मग तुम्हीच साक्षीदार की,” मी म्हटलं.

“स्वतःचा कान साक्षीदार होत नाही, कमल.”

गेल्या हिवाळ्यात तुमच्या छातीत पहिल्यांदा दुखलं. डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत, फिरायचं नाही असं सांगितलं. पुस्तक बाकी पूर्ण होतं, छापखाना ठरला होता, आणि तुम्ही त्या एका डब्यापायी हस्तलिखित सोडायला तयार नव्हतात. छापखान्याचे मालक मला म्हणाले, “बेनजी, मास्साब से बोलो जल्दी दें. हिंदी वालों को ‘ळ’ का टाइप लगता नहीं, हमारे पास दो मुट्ठी बचे हैं, वो भी घिसे हुए.” काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “या डब्यांनीच जीव घेतला यांचा, दुसरं काय.” माझ्या स्वभावाला थांबणं जमत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. मला ते पुस्तक तुमच्या हातात छापून आलेलं बघायचं होतं, आणि लवकर बघायचं होतं.

म्हणून एका रविवारी महूहून परत येताना गाडीत बसून मी चिठ्ठी लिहिली. ‘द चाइल्ड इज टू नाइस अबाउट हर फूड.’ साक्षीदार: मिसेस केली, निवृत्त नर्स, महू.

सर, महूमध्ये मिसेस केली कोणी नव्हत्या. आजोबा आयरिश शिपाई, घर चर्चच्या मागे, नातीला जेवू घालताना हे वाक्य निघालं, हे सगळं मी राऊ स्टेशन ते इंदूर एवढ्या वेळात रचलं. नर्स का केलं? कारण तुम्ही नर्सबद्दल सांगितलं होतं आणि माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. खोटं बोलणाऱ्याकडे कल्पनाशक्ती असते म्हणतात. माझ्याकडे ती नव्हती. मी तुमचीच आठवण उचलून तुम्हाला परत दिली.

तुम्ही चिठ्ठी वाचलीत. पुन्हा वाचलीत. मग चष्मा काढून ठेवलात. “नर्स?” तुम्ही विचारलंत. “वय काय असेल?”

“असेल ऐंशीच्या घरात.”

“तीच असेल का गं?”

या प्रश्नाची मी कल्पनाच केली नव्हती. मला वाटलं होतं तुम्ही डबा बंद कराल आणि झोपाल. सही का नाही, असं विचारलंत तेव्हा मी म्हटलं, हात थरथरतो. तुम्ही म्हणालात, मग अंगठा घेऊ, मीच जातो. मी घाबरून म्हटलं, त्या परवाच मुलीकडे जबलपूरला गेल्या. एक खोटं तगवायला मी दुसरं लावलं, दुसऱ्याला तिसरं. तुम्ही जबलपूरला पत्र पाठवलंत, आत उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट. पत्ता मी दिला होता, तोही मनाचा. पत्र परत आलं तर तुम्हाला पोस्ट खात्याचा राग आला, माझा नाही. तुम्हाला माझा संशय एकदाही आला नाही. याचं मला तेव्हा हायसं वाटायचं. आता त्याचीच लाज वाटते.

आणि मग वैशाखात, डॉक्टरांना, काकूंना, मला, कोणालाही न सांगता तुम्ही महूची गाडी पकडलीत.

दुपारी मी तुमच्या घरी आले तर तुम्ही नुकतेच परत आला होतात. डोक्यावर ओला पंचा, चेहरा लाल. चर्चच्या मागची सगळी गल्ली तुम्ही घरोघर विचारली होती. इस्पितळात विचारलं, चर्चच्या माळ्याला विचारलं, बेकरीवाल्या चाचांना विचारलं. “कोणी ओळखत नाही गं तिला,” तुम्ही म्हणालात. “जन्मभर ज्यांची दुखणी काढली त्यांच्यातल्या एकालाही नाव आठवू नये? इतक्या लवकर विसरतात माणसं?” तुमचे डोळे भरून आले होते. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, सर. तेवढ्यात काकू पन्ह्याचे पेले घेऊन आल्या, आणि मी पन्हं प्यायले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही अर्पणपत्रिका लिहिलीत. ‘ज्यांनी माझ्या दुधावरची साय काढली, आणि ज्यांना आता कोणी ओळखत नाही, त्या महूच्या मिसेस केली यांस.’ मला वाचून दाखवलीत. मी छान म्हटलं. हस्तलिखित मीच छापखान्यात नेऊन दिलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात.

डॉक्टर म्हणतात, उन्हाचा आणि याचा संबंध नाही, हृदय मुळातच अशक्त होतं. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते थोडे चिडलेच. ते खरं सांगत असतील. तरी तुम्ही त्या उन्हात ज्या बाईला शोधत फिरलात ती माझ्यामुळे, हे काही डॉक्टर बदलू शकत नाहीत.

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी छापखान्यातून पुस्तकाची पहिली मुद्रितं आली. काकूंनी ती देवासमोर ठेवली होती. मी त्यांना म्हटलं, काकू, एक सांगायचंय, आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. निवडत राहिल्या. जुडी संपली तेव्हा म्हणाल्या, “मला आधी का नाही बोलली तू?”

“हिंमत नव्हती.”

“माहीत आहे तुला, ती चिठ्ठी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे? दूधवाल्याला पण दाखवली. के बघा, माझी नर्स मिळाली.” मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, “आता राहू दे ते. ते तर गेले सुखाने. त्यांच्यासाठी ती होती. तू कोण काढणारी?”

“काकू, पुस्तक छापल्यावर ती सगळ्यांसाठी होईल.”

“होऊ दे ना मग. कोणाचं काय बिघडून राहिलं त्याच्यात?”

 काकूंना दुखवायचं नव्हतं, आणि त्यांचं ऐकायचंही नव्हतं. तशीच उठून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मला बोलावणं पाठवलं. त्यांच्या हातात पोस्टकार्ड होतं, तुमच्या नावाचं, महूहून, बेकरीवाल्या चाचांचं. तुम्ही त्यांना पत्ता देऊन आला होतात म्हणे, काही कळलं तर कळवा म्हणून. काकूंनी मोठ्यानं वाचलं: ‘मास्टर साहब को सलाम. पता चल गया है. मिसेज केली यहीं गिरजे के पीछे रहती थीं. बहुत भली औरत थीं. अब जबलपुर में हैं. आपको याद करती हैं.’

“बघ!” काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. “होती ना बाई! तू उगाच स्वतःला दोष देऊन राहिली. तुझं खोटं खरं निघालं बघ. देवाचीच करणी आहे ही.”

सर, त्या क्षणी माझी सुटका झाली होती. मी मान हलवायचा अवकाश, की काकू सुखी, तुम्ही खरे, मी निर्दोष, आणि पुस्तकाला साक्षीदार होता तो होताच, वर त्या साक्षीदाराला आणखी एक साक्षीदार. मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. झाला, चांगलाच झाला. पण ती बाई मी राऊच्या पुढे बाभळीची झाडं बघत रचली होती. ती कोणाची आठवण कशी काढेल?

मी काकूंना म्हटलं, मी महूला जाऊन येते. काल गेले.

बेकरी मला लहानपणापासून माहीत होती, चाचाही. तुम्ही गेल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मी पोस्टकार्ड पुढे केलं. “चाचा, ही मिसेस केली तुम्ही स्वतः पाहिली होती?”

 ते भट्टीकडे बघत राहिले. “देख बेटी,” शेवटी म्हणाले, “मास्साब इत्ती धूप में आए थे. पसीने में तर. दो बार इस गली में चक्कर काटे. मैंने बोला, नहीं है ऐसी कोई, तो उनका मुंह इत्ता सा हो गया. मैंने सोचा, खाली हाथ कैसे भेजा, ये ठीक नहीं किया. तो बाद में चिट्ठी डाल दी. जबलपुर का तो उन्होंने खुद बोला था. बुढ़ापे में आदमी को एक अच्छी खबर मिल जाए, तो किसका क्या जाता है?”

मी तिथेच बाकड्यावर बसून रडले. तुमच्यासाठी रडले, आणि चाचांनी जे केलं ते अक्षरशः मी केलेलंच होतं म्हणूनही. आम्ही दोघांनी तुमच्यावर माया केली आणि दोघांनी तुम्हाला फसवलं. चाचांनी मला पाव आणि चहा दिला आणि काय झालं ते विचारलं नाही.

दुपारी घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “चूक केली तर कबूल कर. नाव घालून कर. बिननावाच्या कबुलीला काही अर्थ नाही.” आणि काल संध्याकाळी परत इंदूरला आल्यावर मी काकूंकडे गेले आणि चाचांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. काकू बराच वेळ पोस्टकार्ड उलटसुलट करत राहिल्या. मग त्यांनी ते माझ्या हातात दिलं. हो म्हणाल्या नाहीत. पण दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “सुबह चहा पिऊन जा.” त्यांना अजून पटलेलं नाही, हे मला कळतं. त्या माझ्याशी बोलणं सोडणार नाहीत, हेही कळतं. तुमच्या घराची ही दौलत मला फुकट मिळाली आहे आणि मी ती हातची जाऊ देणार नाही.

आता काय करणार ते सांगते. चोखंदळच्या प्रकरणात दोन पुस्तकी साक्षी तशाच राहतील आणि तिसऱ्या साक्षीची ओळ कोरी जाईल. खाली मी माझ्या नावानं लिहीन की इथे एक साक्ष होती, ती खोटी होती, ती मी बनवली होती आणि लेखकाला हे माहीत नव्हतं. लोक तुमच्या बाकीच्या साक्षींवरही शंका घेतील, असं छापखान्याचे मालक म्हणतात. घेऊ देत. चष्मेवाला अजून राजवाड्यासमोर बसतो, जाऊन विचारा म्हणावं.

आणि शेवटच्या प्रकरणाचंही बघायचंय. आपलं ते भांडण अर्धंच राहिलं. तुम्ही म्हणायचात, जो शब्द चहालाही लागतो, चपलेलाही आणि जावयालाही, तो संपला. सगळ्यांना छान म्हणणारा शब्द कोणालाच काही म्हणत नाही. मी म्हणायचे, एवढ्या शिव्या खाऊन वर आलेला शब्द कोणालाही नाही म्हणत नाही, यात वाईट काय आहे? तुम्ही म्हणायचात, तू वकील व्हायला हवी होतीस. काल रात्री मुद्रितं बघताना शेवटचं पान हाती आलं. तिथे तुम्ही लिहून ठेवलंय, ‘माझी विद्यार्थिनी कमल हिचं म्हणणं वेगळं आहे. तिच्या मते,’ आणि पुढे काही नाही. फक्त तो स्वल्पविराम. माझं म्हणणं तुम्ही छापणार होतात! एवढा वाद घालूनही मला कधी वाटलं नव्हतं की तुम्ही ऐकताय. ते पान मी पूर्ण करीन, तुमच्यावर कुरघोडी न करता. थोडी होईलच.

राहिली अर्पणपत्रिका. रात्रभर नाही, पण पहाटेपासून मी तिच्यावर विचार करतेय. आधी ठरवलं होतं की पानच काढायचं. मग लक्षात आलं की त्यातलं खोटं फक्त एक नाव आहे. साय खरी आहे, दूध खरं आहे. तापलेल्या मुलाच्या उशाशी बसून हसलेली कोणी एक बाई महूला होती, आणि तिला आता कोणी ओळखत नाही हेही खरंच आहे. तिच्यावर मी माझी बाई आणून बसवली. एकीला कोणी ओळखत नाही कारण ती नव्हतीच, दुसरीला कोणी ओळखत नाही कारण तिचं नाव विचारायचं राहून गेलं. तुम्ही सात वर्षांचे होतात. तुम्हाला ते सुचलं नाही, यात तुमचा दोष नाही.

म्हणून मी फक्त नाव काढणार आहे. ‘त्या महूच्या’ आणि ‘यांस’ यांच्यामध्ये मोकळी जागा राहील, एका नावापुरती. छापखान्याचे मालक विचारतील, यहां क्या डालें. मी सांगीन, काही नाही.

तुमच्यासमोर हे म्हणायला मला सहा महिने मिळाले होते आणि मी ते घालवले. आता म्हणते. मिसेस केली नव्हत्या, सर. तुमची नर्स होती.

इकडे तुमच्या स्वयंपाकघरात काकूंनी चहा टाकलाय. पिते आणि निघते.

तुमची,
कमल